उपरा आठ

छापखान्याच्या दारातच दोघांची टक्कर झाली. त्याच्या हातातले कागद उडाले, तिच्या कानावरची लाल पेन्सिल उडाली... आणि वाकून दोघांनी नेमका एकच कागद धरला.

"इथे हा आठ कुणी घुसवला?" तो तरुण मास्तर कडाडला. मुलांसाठी त्याने लिहिलेलं अंकांच्या गमतींचं पुस्तक इथेच छापलं जात होतं.

"मी," ती म्हणाली. ती इथे मुद्रितं तपासायची. तिच्या नजरेतून चूक सुटत नसे, म्हणून सगळे तिला चाळणी म्हणत. पान निर्दोष असलं, की खाली ती लिहायची – 'चूक नाही. छापावे.' "सातानंतर तुम्ही थेट नऊ लिहिला होता. म्हटलं, बिचारा आठ राहिला!"

"अहो, राहिला नव्हता – तो तिथे नाहीच! १२३४५६७९. नवाने गुणा बघू."

तिने पेन्सिल चालवली. एक, एक, एक... नऊच्या नऊ एक! जणू नऊ जण एका सुरात गाताहेत.

"अगबाई... नि दोन हजार पानं छापून झाली!"

आतून तिचे मामा आले. छापखाना त्यांचाच. "नात्याला नातं, कामाला काम. मास्तरांनी पानं नाकारली, तर उद्यापासून तू घरी."

मास्तर घुटमळला. तिच्या डोळ्यांत टचकन आलेलं पाणी त्याला दिसत होतं. पण मुलांच्या हाती खोटा आकडा द्यायचा कसा? "मी... नाही घेऊ शकत," तो पुटपुटला.

देवाला ज्याची लाज राखायची असते, त्याला तो ऐन वेळी शब्द सुचवतो. तिने डोळे पुसले.

"मामा, पानं पुन्हा यंत्रावर चढवा. खाली जागा आहे, एक ओळ छापा – 'या संख्येत एक आकडा उपरा घुसलाय. त्याला हाकला, मग नवाने गुणा!'"

मास्तर पाहतच राहिला. "अहो, हे तर माझ्या पानाहून सरस झालं!"

पुस्तक निघालं. महिन्याभरात मुलांच्या पत्रांचा पाऊस पडला – 'उपरा सापडला! हाकलला!' गठ्ठा घेऊन मास्तर धावतच छापखान्यात आला.

"पहिल्याच भेटीत आपला छत्तीसचा आकडा जमला होता, नाही?" तो हसला.

"तीन आणि सहा, पाठीला पाठ." तिने लगेच त्या बिनआठाच्या संख्येला छत्तीसने गुणलं. "सगळे चार! चारचौघांत भांडलो ना, म्हणून."

"आता... उलटं करून गुणा. त्रेसष्टने."

सहा आणि तीन – समोरासमोर. तिने गुणलं.

"सगळे सात..."

"मला नऊ नकोत," तो हळूच म्हणाला. "एकच पुरे. साथ... तुमची."

तिने मान वर केली नाही. सातांच्या त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने सावकाश लिहिलं – 'चूक नाही. छापावे.'

मामांनी खांद्यावरून डोकावलं. "काय छापायचं गं? लग्नपत्रिका?"

"हो!" दोघं एकदमच म्हणाली... अगदी एका सुरात.