गोंद ओला असताना

बसा. तो दिवा असू द्या चालू, आईला अंधारलेलं चालत नाही. आत्ताच डोळा लागलाय तिचा, तेव्हा हळू बोलू. पण बोलायचं. उद्यापासून दुपारी तुम्ही तिच्याजवळ बसणार, म्हणून आजच सगळं कानावर घालते. मग म्हणाल, बाईने आधी सांगितलं नाही.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. मला खरखरमामाच्या दुकानातून एक रेकॉर्ड आणायची होती, एवढंच.

माझा उद्योग तुम्हाला ठाऊक नसेल. मी जुन्या सिंगल्स जमवते. सिंगल म्हणजे बशीपेक्षा थोडी मोठी रेकॉर्ड, एका बाजूला एकच गाणं. सिंथेसायझर नवीन निघाले होते ना, त्या काळातली पॉप गाणी. मागे ड्रम मशीन ठोकत असतं, आणि पुढे एखादं पोरगं प्रेमभंग झाल्यासारखं गात असतं, प्रेमाचा पत्ता नसताना. लोक हसतात मला. हसोत. ती रेकॉर्ड मी धुते, सुई ठेवून वाजवते, गाणं कॉम्प्युटरमध्ये भरते आणि खरखर काढून टाकते. रेकॉर्ड झिजते, फुटते. भरलेला आवाज टिकतो.

माझा धाकटा भाऊ असंच एक पोरगं होता. एका मित्राला हाताशी धरून त्याने एक सिंगल काढली होती. मित्राने सिंथेसायझर वाजवला आणि हा गायला. रेकॉर्डींचं खोकं घेऊन तो नाचत घरी आला, तर आई उखडलेलीच होती. शिक्षण सोडलं होतं त्याने. ती म्हणाली, "तो डब्यातला आवाज माझ्या घरात नको." तो हसला, खोकं उचललं आणि दुकानांत वाटायला घेऊन गेला. तो गेला तो गेलाच. वाटेत ट्रकने उडवलं. खोकं रस्त्यावर फुटलं, रेकॉर्डी चाकांखाली गेल्या, वाचली असेल ती एखाददुसरी.

आईने तो आवाज कधी ऐकलाच नाही. पुढे कित्येक वर्षं तिने त्याचं नावही काढलं नाही. आता म्हातारपणी तिची आठवण विरत चालली आहे, माणसं विसरते, जेवलेलं विसरते, पण हे एक पक्कं राहिलंय. रोज म्हणायची, "त्याला एकदा गायला सांग गं. म्हणावं, आई ऐकतेय." रोज. काळजाला घरं पडायची माझ्या. तिचे डोळे मिटायच्या आत तिला तो आवाज ऐकवायचा, एवढा एकच हट्ट होता माझा. अडगळी उपसल्या, माळे धुंडाळले, लोकांची बोलणी खाल्ली. शेवटी खरखरमामाचा निरोप आला, की एक सापडली आहे.

या मामाचा आवाज त्याच्या मालासारखाच आहे, म्हणून सगळे त्याला खरखरमामा म्हणतात. त्याने रेकॉर्ड हातात दिली. पाकिटाला कुबट वास, आणि चरांमध्ये बुरशी भरलेली. चर म्हणजे रेकॉर्डवरच्या त्या बारीक रेघा, आवाज त्यांत असतो.

"पाण्याने निघेल तेवढंच काढा," मामा म्हणाला. "हिला गोंद लावू नका, ताई."

हे समजून घ्या. फार घाण झालेल्या रेकॉर्डवर आम्ही सुताराचा पांढरा गोंद ओततो. तो चरांत शिरतो, दिवसभरात वाळतो, मग त्याचं पातळ साल सोलून काढायचं. दुधावरची साय निघावी तसं निघतं, आणि सगळी घाण सोबत घेऊन येतं.

"पाण्याने काय डोंबल निघणार आहे," मी म्हटलं. "मी लावणार."

मामा थोडा वेळ काउंटर पुसत राहिला. "मग एक ऐका. गोंद ओला असेपर्यंत त्याच्याजवळ बोलू नका."

"का? थुंकी उडते म्हणून?"

"ओला गोंद ऐकतो, ताई. धंद्यातली जुनी माणसं तेव्हा तोंडाला कुलूप लावून बसतात. मी एकदा खोकलो होतो. ती रेकॉर्ड अजून आहे माझ्याकडे. गाण्यात मधेच खोकला येतो."

"तुमचा?"

"पहिला माझा," मामा म्हणाला. "नंतरचे नाहीत."

मी हसून निघाले. म्हातारा माणूस, दिवसभर दुकानात एकटा, डोक्यात काहीतरी घेऊन बसतो, असं वाटलं मला.

ही शेजारची खोली माझी कामाची. दुपार होती, पडदे ओढलेले, कारण उन्हाने रेकॉर्ड वाकते. मी टेबलावर रेकॉर्ड आडवी ठेवली आणि गोंद ओतला. खोलीभर तो आंबूस वास पसरला, खाली बुरशीचा कुबट वास होताच. आणि मला गप्प बसता येत नाही. लहानपणापासून नाही. आई म्हणायची, हिची जीभ झोपेतही हलते. मी धाकट्याशी बोलायला लागले. बोलू नको तर काय करू? इतक्या वर्षांनी घरी आला होता. त्याला झापलं. मेल्या, खोकं घेऊन जायची एवढी काय घाई होती. आई ओरडली म्हणून लगेच निघायचं? ती ओरडतेच, आणि मग रात्री पांघरूण घालायला येते, ठाऊक नव्हतं का तुला?

बोलता बोलता लक्ष गेलं. गोंदावर बारीक लाटा उठत होत्या. माझ्या बोलण्याबरोबर उठायच्या, कडेपर्यंत जायच्या, विरायच्या. असेल, टेबल हलत असेल. मी गप्प झाले.

लाटा चालूच राहिल्या.

रस्त्यावर गाडी नव्हती. पंखा बंद होता. मी श्वाससुद्धा धरून ठेवला, आणि तो पांढरा गोंद हलत होता... थांबत होता... पुन्हा हलत होता. समोरच्या माणसाने बोलावं आणि मधे आपल्यासाठी थांबावं, तसा. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण भाऊ माझा, धाकटा, त्याचं शेंबडं नाक मी पुसलेलं. त्याला काय भ्यायचं? मी वाकून म्हटलं, "काय रे, ऐकतोयस का?"

लाट उठली. मधून कडेला गेली नाही. कडेवरून मधे आली.

दुसऱ्या दिवशी साल सोललं. चर लख्ख झाले होते. सुई ठेवली आणि तो गायला लागला. अहो, काय सांगू तुम्हाला. तोच आवाज, ओळीच्या आधी तोंडाने घेतलेला तोच श्वास. मी खुर्चीत बसून घळाघळा रडले. आणि पहिलं कडवं संपलं, नुसता सिंथेसायझर वाजायला लागला, तेव्हा त्याच्या मागून आवाज आला, "ती ओरडतेच, आणि मग रात्री पांघरूण घालायला येते."

माझा आवाज.

खोलीत माइक नव्हता. गोंद लावला तेव्हा मशीन बंद होतं, सुई झाकणाखाली होती. तरी चरांत मी बोलत होते. पुढच्या कडव्यानंतर पुन्हा, "ऐकतोयस का?" मी सगळं मुकाट्याने ऐकलं. मग राग आला. इतकी वर्षं वणवण करून भावाचं गाणं मिळवलं, ते काय माझी बडबड आईला ऐकवायला? मी कंबर कसली. कॉम्प्युटरमध्ये गाणं भरलं आणि माझा शब्द न् शब्द शोधून कापला. पुन्हा पुन्हा ऐकून खात्री केली. फक्त तो उरला. स्वच्छ.

संध्याकाळी आईच्या कानांना हेडफोन लावले. आधी ती गोंधळली. मग तिचा चेहरा असा उजळला, की मी तसा आयुष्यात पाहिला नव्हता. ती म्हणाली, "बरा गातो की गं. मी उगीच ओरडले." मी तिचा हात धरून बसले. वाटलं, झालं, सगळ्याचं सोनं झालं.

गाणं संपलं. तिने हेडफोन काढले, पाय पलंगावरून खाली सोडले आणि चपला चाचपायला लागली.

"कुठे निघालीस, आई?"

"तूच म्हणालीस ना आत्ता."

"मी काय म्हणाले?"

"आवर म्हणालीस. तो खाली थांबलाय, किती वेळ ताटकळत ठेवायचं म्हणालीस." ती माझ्याकडे बघत होती, लहान मुलासारखी. "चल ना. तूच तर म्हणालीस."

हे मी गोंदाजवळ बोलले नव्हते. कुठेच बोलले नव्हते. मी हेडफोन कानाला लावून गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. माझा एक शब्द नव्हता त्यात. मला ऐकू येत नाही ते. तिला येतं.

तुम्ही म्हणाल, पुसून टाका ते गाणं, फोडून टाका रेकॉर्ड. हातोडी घेऊन उभी राहिले होते मी. पण गाणं लावलं नाही त्या दिवशी तिने घास तोंडात घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, म्हणाली, "रागावलाय माझ्यावर. पुन्हा गायचा नाही तो आता." दुसऱ्या दिवशीही तेच. आता सांगा, कुठल्या तोंडाने फोडू? उपाशी ठेवून आई राखायची, की गाणं लावून घालवायची? इकडे आड, तिकडे विहीर.

मग मी ठरवलं, दोन्ही नाही. माझा आवाज चोरून माझ्याच आईला बोलावतोस काय? तो माझा भाऊ असो, नाहीतर त्याचं कातडं पांघरून आलेलं आणखी कुणी असो. खोटा आवाज रेकॉर्डच्या चरांत बसलाय, पण खरा इथे माझ्या गळ्यात आहे, आणि तो दमणारा नाही. जन्मभर हिने मला बडबडी म्हणून हिणवलं, आता बघू म्हटलं.

तेव्हापासून असं आहे. हेडफोन बंद केले, स्पीकरवरच लावते. गाणं सुरू झालं की मी तिच्यासमोर बसते, तिचे हात हातात घेते आणि बोलायला लागते. काय वाटेल ते. शेजारणीच्या कागाळ्या, कपडे वाळले नाहीत, दुधाला वास आला. गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही, संपल्यावर तर मुळीच नाही. तिची मान दाराकडे वळायला लागली की आवाज चढवायचा. ती दोन्हीकडे ऐकते, गोंधळते, आणि हळूहळू माझ्याकडे बघायला लागते. दर खेपेला बघते. आत्तापर्यंत तरी बघितलंय.

तुमचं काम तेच. औषधं आणि जेवण कुणीही देईल. मी कामावर असताना तिने गाणं मागितलं तर लावायचं, आणि बोलायचं. तुमचा आवाज त्याच्याकडे नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं. फक्त त्या खोलीतल्या रेकॉर्डजवळ तोंड उघडू नका. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, असं लोक म्हणतात. मला म्हातारीचंही दुःख आहे. एक नेला माझा, तेवढं पुरे.

कालचं सांगते आणि संपवते. तुम्हाला न सांगता कामाला लावणं बरं नव्हे. काल संध्याकाळी गाणं झालं, आई शांत पडली होती. मी बोलत बोलत खाली वाकले, तर पलंगाखाली तिची एकच चप्पल. सगळी खोली पालथी घातली. दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्या खिशात. उघडून बघितलं. दुसरी चप्पल बाहेर जिन्यावर होती, एक पायरी खाली, तोंड खालच्या दिशेला. मी ती उचलली. आतून गरम होती, नुकताच कुणीतरी पाय काढल्यासारखी. आईचे पाय तर थंडगार होते, मी तासभर चोळत बसले होते.

जिन्यात अंधार. खाली कुबट, आंबूस वास. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि खाली बघून स्पष्ट सांगितलं, "चपला काय पळवतोस? आईला न्यायचं असेल तर वर ये, माझ्यासमोर."

मग खालून, अगदी माझ्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं, "येते ना..."

मी आत आले, कुलूप लावलं, खुर्ची ओढून दाराला पाठ लावून बसले आणि आईला कपड्यांचं सांगायला लागले. पायऱ्यांवर पाऊल वाजत होतं. एक वाजायचं, बराच वेळ थांबायचं, मग पुढचं. अजून दारापर्यंत पोचलेलं नाही.

येऊ दे. माझं कुठे बोलून संपलंय.