हिरवी काच

म्हसा गावच्या जत्रेचे दिवस होते. भूमिकाच्या माहेरची सगळी माणसं बैल बघायला गेली होती, आणि भर दुपारी साईनाथ माजघराच्या खिडकीत गोणपाट कोंबत होता. कसाऱ्याला रेल्वेच्या रुळांवर तो गँगमन. ड्युटी संपवून परस्पर सासरवाडीला आलेला, हातबत्तीसकट.

त्यांची पोर अक्षदा अडीच महिन्यांची झाली तरी कशाकडे बघत नव्हती. खुळखुळा वाजवला की मान वळवायची, पण नजर कुठंच ठरत नव्हती. तिला घेऊन ते सरकारी दवाखान्यात खेपा घालत होते. डोळ्यांचा डॉक्टर मंगळवारी येतो, असं तिथं फळ्यावर ठळक लिहिलं होतं. कुठल्या मंगळवारी, ते लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. शेवटी एका नर्सनं जाता जाता सांगितलं, "घरी अंधार करून रंगीत उजेड दाखवा. लाल, हिरवा. उजेडामागं डोळे फिरले तर नजर आहे समजा."

म्हणून ही बत्ती. आत रॉकेलची वात, पुढं फिरत्या काचा. मूठ वळवली की खट् आवाज होऊन रंग बदलायचा.

"अक्षदेला काय कसारा घाट चढवताय?" भूमिका हसली. पण मांडीवरच्या पोरीला तिनं घट्ट धरलं होतं.

"गप गो. बघू दे."

खोली लाल झाली. साईनाथनं बत्ती डावीकडे नेली, मग उजवीकडे. पोरीचे डोळे उघडे, ओले, आणि जागच्या जागी.

"नाय बघत," भूमिका पुटपुटली. "आंधळीच निघाली तर काय करायचं हो?"

खट्. हिरवा उजेड पडला, आणि सवयीनं साईनाथच्या तोंडून निघून गेलं, "चल, येऊ दे." रुळावरचं काम आटपलं की खोळंबलेल्या गाडीला तो असंच म्हणत हिरवा दाखवायचा.

पोरीची नजर हलली.

"बघते! अहो, बघते ती!" भूमिकाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

साईनाथनं बत्ती डावीकडे नेली. नजर बत्तीमागं गेली नाही. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे, मागच्या दाराकडे लागली होती, आणि तिथून हळूहळू इकडे सरकत होती. चालत येणाऱ्या माणसावर ठेवावी तशी. माजघरात ओव्याच्या धुरीचा वास होता. त्यात आता घाटातल्या धुक्याचा ओला, गार वास मिसळला.

त्यानं वळून बघितलं. दार बंद. कडी लावलेली.

त्यानं झटक्यात मूठ फिरवली. लाल. नजर हवेतच थांबली.

"लाल कशाला केलंत? हिरवं दिसतं तिला!"

"भूमिके... ती बत्तीकडे नाय बघत."

"मग कुणाकडे बघते? हितं आहे कोण?"

पोरीला दिसतंय, एवढ्यावर आनंद मानायचा का? खात्री करायला त्यानं पुन्हा हिरवा केला. नजर पुन्हा निघाली, सरकता सरकता वर चढली, उंच कुणी जवळ येत असावं तशी. त्यानं लाल केला. ती थांबली. त्याच्या उजव्या खांद्यापाशी, वीतभर वर. मानेवर गारवा आला. आयुष्यभर त्यानं लाल दाखवून गाड्या थांबवल्या होत्या. इथं काय थांबलं होतं?

"खिडकी उघड," तो कुजबुजला. "भूमिके, ऊठ... खिडकी उघड."

"थांबा ना. एकदाच हिरवं करा."

"नाय."

त्यानं अंगठा मुठीवर दाबून धरला, बोटं पांढरी पडेपर्यंत.

खट्.

खोली हिरवी झाली. त्याचा अंगठा जागचा हलला नव्हता.

पोरीची नजर त्याच्या खांद्यावरून पुढं आली, त्याला ओलांडून गेली, आईच्या पदराशी, स्वतःच्याच अंगापर्यंत खाली उतरली, आणि विझल्यासारखी मिटली. धुक्याचा वास गेला.

मग अक्षदेनं डोळे उघडले आणि सरळ बत्तीकडे बघितलं. साईनाथचा हात डावीकडे गेला. डोळे डावीकडे. उजवीकडे गेला. डोळे उजवीकडे. बत्त्या बघण्यातच जन्म गेलेल्या माणसासारखे, न चुकता.

"दिसतं हो तिला, चांगलं दिसतं!" भूमिका रडत हसली. तिनं पोरीला उचलायला हात घातला आणि तशीच बसून राहिली.

"अहो... ही एवढी जड कशी झाली?"