हौदाचा धनी

"पी गं बाई, पी. उद्याचं उद्या बघू."

अंधार असतानाच मागच्या गल्लीतून हा आवाज माडीवर चढायचा. बहात्तरचा दुष्काळ होता. अकरा वर्षांचा गुरुपादप्पा गोधडीतून तो ऐकायचा, पाठोपाठ पाणी पिणाऱ्या घोडीचा आवाज ऐकायचा आणि पुन्हा झोपी जायचा.

"माझ्या अप्पांचा आवाज," बारा वर्षांनी आपल्या दुकानात बसून गुरुपादप्पा म्हणाला. "टांग्याच्या घोड्यांसाठी त्यांनीच हौद ठेवला. अख्ख्या दगडात कोरलेला. तो चोरीला गेलाय, अण्णाराव."

लातुरात खाजगी तपास करणारा अण्णाराव हा एकच माणूस. छोट्या लाइनीच्या टेशनासमोर त्याची खोली होती. सोबतीला कापडदुकानदार माणिकप्पा. त्याचं गिऱ्हाईक कमी आणि कुतूहल जास्त.

लातूर जिल्हा झाल्याला हा दुसरा उन्हाळा. साहेब लोक आले, रिक्षा आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं.

"नव्या बागेच्या फाटकात हौद बसवायचा, त्यावर अप्पांचं नाव कोरायचं ठरलंय. परवा समारंभ हाय," गुरुपादप्पा म्हणाला. "नेला त्या दगडोबानं. टांगेवाला. हौद हलवू देणार न्हाई म्हणून भांडला होता. उद्या सकाळपर्यंत मिळाला न्हाई तर पोलिसात देतो त्याला."

दुकानात गादीमागं अप्पांची तसबीर होती. माणिकप्पानं हात जोडले. "मोठा शिवभक्त माणूस."

"काय सांगू! पहाटे लिंगपूजेला बसले की उन्हं जोत्यावर येईपर्यंत शब्द न्हाई तोंडातून. घर पेटलं तरी हूं की चूं करायचे न्हाईत. एक दिवस चुकला न्हाई."

अण्णाराव तसबिरीकडं बघत राहिला.

गंजगोलाईच्या गोल बाजारामागं, गुरुपादप्पाच्या घराच्या पाठीला ती गल्ली. हौदाच्या जागी जमिनीवर लांबट ओला-काळा डाग उरला होता. भोवती पहारीचे ओरखडे होते. गाडीच्या चाकाची मात्र एकही चाकोरी नव्हती.

कोपऱ्यावरच ईश्वरप्पाचा रिक्षाथांबा. तो आधीच तापलेला होता.

"मला टांग्यांची जागा पाहिजे हाय, दगड कशाला? माझी रिक्षा तीन माणसं बसली की रडते, हौद काय टपावर नेऊ?"

"दगडोबाचं अन् तुमचं भांडण?"

"रोजचं हाय. पण चोर न्हाई तो. गिऱ्हाइकाचे उरलेले पैसे परत देतो हुडकून हुडकून."

दगडोबा टांगा जुंपून उभा होता. घोडीचं नाव मैना, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.

"हौद कुठं हाय, दगडोबा?"

"मारा, धरा, बेड्या घाला. पण ते मला इचारू नका, साहेब."

"माहीत न्हाई म्हण की!" माणिकप्पा ओरडला.

तेवढ्यात मैनेनं टांगा ओढत गुरुपादप्पाच्या मागच्या दाराकडं मान वळवली आणि तिथल्या पांढऱ्या ओट्यापाशी जाऊन नाक घासलं. दगडोबानं घाईनं लगाम ओढला.

ओट्यावर गुरुपादप्पाची आई, लक्ष्मम्मा, ज्वारी निवडत बसली होती. ओठात ओवी होती:

"पहाटंच्या पहारात घोडी पिते गं नितळ,
कोण्या हातानं ओतलं, न्हाई पुसत ओंजळ."

"बसा बाबांनो. पाणी अर्धाच गलास देते हां. टँकर आला न्हाई कालपासून."

माणिकप्पा ओट्यावर टेकला, पाय हलवू लागला. टाच दगडावर आपटली की ढब्ब वाजायचं. "अव्वा, वटा लई सुरेल हाय तुमचा! कवा घातला?"

"हाय की कवाचा," लक्ष्मम्मा म्हणाली आणि सुपात बघू लागली.

अण्णारावनं ओट्यावरून बोट फिरवलं. बोटाला ओलसर चुना लागला.

संध्याकाळी त्यानं सगळ्यांना मागच्या दाराशीच बोलावलं.

"मालक, मागच्या दारी तुम्ही कधी येता?"

"येळ कुठं हाय!"

"म्हणून दिसलं न्हाई. हौद गेला, पण चाकाची चाकोरी न्हाई. म्हणजे दगड लांब गेला न्हाई. तीन-चार टांगेवाल्यांनी पहारीनं चार पावलांवर ढकलला. आता बघा, प्यायला अर्धा गलास पाणी अन् ओट्याला ताजा चुना! घागरभर पाणी कालवल्याशिवाय चुना लागतो का? काही झाकायचं असल्याशिवाय असं कुणी करेल का? माणिकप्पाची टाच पोकळ वाजली. मैना मात्र फसली न्हाई."

"म्हणजे मी हौदावर..." माणिकप्पा ताडकन उठला.

"पालथ्या हौदावर. समारंभ टळला की उताणा करायचा होता. दगडोबा खोटं बोलला न्हाई, 'इचारू नका' एवढंच म्हणाला. कुणाला तरी शब्द दिला होता."

गुरुपादप्पाचा चेहरा उतरला. "अव्वा? अप्पांचं दान तूच लपवलंस?"

"तेच कोडं होतं," अण्णाराव म्हणाला. "उत्तर तुम्हीच सांगितलं होतं, मालक. तो आवाज अंधारात यायचा. अन् अप्पा त्या वेळी पूजेत, मुके. मग घोडीशी बोलायचं कोण?"

लांबून छोट्या लाइनीच्या गाडीची शिट्टी आली.

"पुढचं मला माहीत न्हाई. अन् असलं तरी ते माझं न्हाई, अव्वा."

लक्ष्मम्मानं सूप खाली ठेवलं. दगडोबा पुटपुटला, "नका सांगू अव्वा. मी जातो चौकीत."

"बस रे. तुझा बाप असाच होता." तिनं लेकाचा हात धरला, ओट्याच्या कडेवर ठेवला. "तो आवाज ह्या दगडोबाच्या बापाचा होता, सटवाजीचा. हौदही त्याचाच, खाणीतून स्वतः ओढून आणलेला. तुझे अप्पा वाईट नव्हते, भ्यायलेले होते. घरात सहा लेकरं अन् आडात गुडघाभर पाणी. आडाला कुलूप घालून पूजेला बसायचे. चावी उशाखाली. मी रोज ती काढून न्यायची, हौदात दोन घागरी ओतून पुन्हा ठेवायची. तू अप्पांचा म्हणून त्या आवाजावर जीव लावलास, मला तोडवंना. पण ह्या दगडावर त्यांचं नाव कोरू नको, बाळा. त्यांनी हौदाला थेंब दिला न्हाई. पण एका पहाटे पूजेतच माझ्या पावलाच्या चाहुलीनं त्यांचे डोळे उघडले होते. त्यांनी मला चावी घेताना बघितलं, अन् डोळे पुन्हा मिटून घेतले. तेवढंच त्यांचं दान. ते मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई."