टोपीखाली दडलंय काय?

"पुरून उरले!" मामाने नव्याकोऱ्या कपाटावर थाप मारली आणि मूठभर बोल्ट चहाच्या रिकाम्या कपात खळ्ळकन ओतले. "चारही कपाटं उभी, वर हे एवढे शिल्लक! याला म्हणतात काम!"

"कुईं," कपाट म्हणालं.

"ते काय बोललं?" गिरमिटने लगेच विचारलं.

"नवं लाकूड बोलतंच गं," मामा म्हणाला. "जा, खेळा बाहेर."

गिरमिट ही तिघा मावसभावंडांतली धाकटी. गिरमिट हे खरं तर लाकडाला भोक पाडायचं हत्यार. पण हिचे प्रश्न एकदा सुरू झाले की समोरच्याच्या डोक्याला भोक पाडूनच थांबायचे, म्हणून घरात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारेनासं झालं होतं. मधला होता बोका. उन्हाचा तुकडा दिसला रे दिसला की हा तिथे अंग टाकणार! आणि ताई फक्त ताई होती. या दोघांची ताई असणं हेच तिला पुरेसं काम होतं.

सुट्टीला तिघं मावशीकडे आली होती, आणि या वर्षी मावशीकडे नुसती धांदल होती. ऑफिसातली चांगली नोकरी सोडून ती तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पाळणाघर काढत होती. परवानगी देणाऱ्या तपासनीस बाई एकदा येऊन गेल्या होत्या. खिडकीला जाळी नाही एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली होती. जाळी आता बसली होती, उद्या त्या पुन्हा येणार होत्या, आणि या वेळी काही खोट निघाली तर वर्षभर पाळणाघराचं नाव काढायचं नाही, असा नियमच होता. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई तर बाळाला मावशीच्या भरवशावर ठेवून कामावर रुजू व्हायला निघाल्या होत्या. मावशी वरून हसायची, पण रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, हे ताईने ओळखलं होतं.

फर्निचर आलं ते खोक्यांतून, सुट्ट्या फळ्यांच्या रूपात. "मी आहे ना!" असं मामा म्हणाला आणि मदतीला आपल्या मित्राला घेऊन आला. हे काका अंगाने भरभक्कम आणि स्वभावाने निवांत. सगळं काम स्टुलावर बसून करता आलं पाहिजे, ही त्यांची एकच अट.

दुपारचं जेवण झालं. मावशी गाद्या आणायला गेली होती. मामा आणि काका दोन खुर्च्यांत मागे रेलले आणि बघता बघता घोरू लागले.

"मी आत्ता कपाटाला टेकलो होतो," बोका हळूच म्हणाला, "तर ते माझ्याबरोबर मागे आलं."

"तू टेकलास की भिंतही मागे जाते," ताई म्हणाली.

"अगं खरंच! बघ ना!"

ताईने वरच्या कोपऱ्याला बोट लावून जरासं ढकललं. कपाट एका अंगाला झुकलं, "कुईं" करून परत जागेवर आलं. नुसत्या एका बोटाने!

"ताई, बोल्ट उरतात का?" गिरमिटने सुरुवात केली. "मामा म्हणतो पुरून उरले. भाजी उरते, कापड उरतं. पण खोक्यात मोजून दिलेले बोल्ट कसे उरतील? का उरतील? कुठले उरतील?"

"एक एक विचार, बाई!"

पण प्रश्न बिनतोड होता. ताईने कपाटाच्या बाजूची फळी नीट न्याहाळली. बोल्टांची डोकी दिसू नयेत म्हणून प्रत्येक भोकावर छोटी पांढरी टोपी बसवलेली होती. सगळ्या टोप्या अगदी ओळीत, चकाचक. बोक्याने नखाने एक टोपी उचकटली. आत बोल्टाचं चमकतं डोकं होतं.

"हुश्श!"

"पुढची काढ," गिरमिट म्हणाली.

पुढची निघाली, आणि आत काहीच नव्हतं. भोकातून थेट पलीकडचा अंधार दिसत होता! तिसरी टोपी काढली, तीही पोकळ. चारही कपाटांची तीच गत होती. एका भोकात बोल्ट, तर दुसऱ्यात नुसती हवा.

"म्हणजे ही कपाटं टोप्यांवर उभी आहेत?" बोक्याचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले.

हा घोळ कसा झाला, ते ताईच्या लक्षात आलं. सकाळी मामा घाम पुसत एकेक बोल्ट पिळत होता आणि काका स्टुलावर बसून टोप्या बसवत होते. टोपी बसवायला कितीसा वेळ लागतो? काका मामाच्या पुढे निघून गेले! टोपी दिसली की मामा समजायचा, इथला बोल्ट झालेला दिसतो, आणि पुढच्या भोकाकडे वळायचा.

"काकांनी मामाला टोपी घातली!" बोका म्हणाला, आणि तिघांना हसू आवरेना.

पण हसू फार वेळ टिकलं नाही. या कपाटांखाली रांगती बाळं खेळणार होती.

"मामाला उठवू या," ताई म्हणाली.

"तो म्हणेल, नवं लाकूड बोलतं," गिरमिट म्हणाली. "थांबा. मी विचारते."

मामा एक डोळा उघडून बघतो, तर समोर गिरमिट उभी. तिच्या हातात त्याचा कॅमेरा होता. हा कॅमेरा म्हणजे मामाचा जीव की प्राण, त्याला तो कुणाला हातही लावू द्यायचा नाही.

"मामा, हा इथे पडलेला. कपाटावर ठेवू? अगदी वरच्या फळीवर?"

"नको नको!" मामा ताडकन उठून बसला. "तिथे नको, टेबलावर ठेव."

"का?"

"अगं, ते जरा... हलतंय म्हणून."

"कॅमेऱ्याला चालत नाही," गिरमिटने विचारलं, "मग बाळांना चालेल?"

काकांचं घोरणं थांबलं होतं. ताईने त्या पोकळ टोप्या मामाच्या तळहातावर ठेवल्या. मामा उठला, कपाटाजवळ गेला, एका भोकात त्याने बोट घातलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझी अक्कल कुठे गेली होती?" तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मावशीचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. "अरे, त्या बाई उद्या नाही, आजच येताहेत! चार वाजता! मी निघालेच आहे. सगळं झालंय ना रे?"

मामाने मुलांकडे पाहिलं. "होईल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आता खरी पंचाईत होती. बोल्ट पिळायला खोक्यातून एल अक्षरासारखा वाकडा पाना आला होता. पाना बोल्टात घाला, अर्धा फेरा द्या, काढा, पुन्हा घाला, पुन्हा अर्धा फेरा. मामाच्या हाताला सकाळीच फोड आले होते. बोल्ट पिळायच्या विजेवरच्या यंत्राचं टोक या बोल्टांच्या सहा कोनी खाचेत बसत नव्हतं. आणि बाळांचे दोन पलंग तर अजून खोक्यांतून बाहेरही आले नव्हते!

"सारखं काढून घालावं लागतं म्हणून वेळ जातो," ताई म्हणाली. "न काढता गरागरा फिरवता आलं तर?"

"शाळेत पेन्सिलला टोक काढायचं यंत्र आहे ना," बोका आडव्याचा उभा झाला, "त्याचा दांडा मी झोपेतही फिरवू शकतो. तसा दांडा लावायचा!"

मग काय, एकच धावाधाव! मावशीच्या शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं लाकडी रीळ आलं. ताईच्या दप्तरातून लाकडी फूटपट्टी आली, टोकाला टांगायचं भोक असलेली. पट्टी पान्याच्या लांब दांड्याला चिकटपट्टीने बांधली, त्या भोकातून एक बोल्ट वर काढला आणि बोल्टावर रीळ ओवलं. रीळ धरायचं आणि फिरवायचं!

बोक्याने पहिला फेरा दिला. चिकटपट्टी सुटली आणि पट्टी फिरून त्याच्याच नाकावर बसली.

"आई गं!"

"बरोबर नेम लागला," ताई म्हणाली.

"हसता काय? मी जखमी आहे!"

काका उठले, बाहेर गेले आणि आपल्या सायकलची फाटकी ट्यूब घेऊन आले. "याच्या पट्ट्या कापा आणि ताणून गुंडाळा," ते म्हणाले. "रबर जितकं ओढाल तितकं आवळतं."

या वेळी पट्टी जागची हलली नाही. रिळाच्या बोल्टावरही रबराचा वेढा बसला. बोक्याने एका हाताने पाना बोल्टात दाबून धरला, दुसऱ्याने रीळ फिरवलं. बोल्ट बाहेरच्या बाजूला होते, त्यामुळे पट्टीला फिरायला मोकळी जागा होती. गर्र, गर्र, गर्र! पाना एकदाही न काढता बोल्ट आत गेला आणि घट्ट बसला.

"गरगऱ्या!" गिरमिट ओरडली, आणि नाव तिथेच पक्कं झालं.

मग कामाची रीतच ठरली. बोका फिरवणार, ताई फळ्या काटकोनात धरणार, मामा शेवटचा पीळ देणार. आणि काका? "काका, टोपी सगळ्यांत शेवटी," गिरमिटने बजावलं, "आणि मी आत बघितल्याशिवाय नाही!" काकांनी स्टूल कोपऱ्यात सरकवलं आणि मुकाट्याने उभ्याने काम केलं. एकेक कपाट भक्कम झालं. ताईने बोटाने ढकललं, मग हाताने, मग पाठ लावून. कुईं नाही, काही नाही! पलंगही उभे राहिले. मावशी गाद्या घेऊन आली आणि दारातच थबकली, पण कुणाला बोलायला सवड नव्हती.

"झालं!" मामा म्हणाला.

"नाही झालं," गिरमिट म्हणाली. ती दुसऱ्या पलंगापाशी वाकली होती. "हे भोक रिकामं आहे."

कप उलटा केला. कप रिकामा. खोकी झटकली, सतरंजी उचलली, बोक्याचे खिसे उलटे केले. त्यातून बिस्किटाचा चुरा निघाला, बोल्ट नाही. बाहेर फाटकाची कडी वाजली.

"आल्या!" मावशी म्हणाली. "टोपी लाव रे पटकन. एकाने काय होतंय?"

टोपी काकांच्या चिमटीत होती. त्यांनी ती खिशात टाकली.

बोका हातातल्या गरगऱ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एवढं काम केलं होतं, आणि तेही या हत्याराने. त्याने ओठ दाबले आणि रिळावरचं रबर उलगडायला सुरुवात केली. रीळ सुटलं, पट्टी सुटली, आणि शेवटचा बोल्ट त्याच्या तळहातावर आला.

"हा घे, मामा."

मामाने फोड आलेल्या हाताने तो जुन्या पद्धतीने बसवला, अर्धा अर्धा फेरा देत. तोवर तपासनीस बाई दारात येऊन उभ्या होत्या आणि सगळं शांतपणे बघत होत्या.

"हा बोल्ट आत्ता का बसवताय? आधी कुठे होता? बाकीचे कुणी तपासले?" त्यांनी एका दमात विचारलं.

"ही तर आपल्या गिरमिटची मोठी बहीण!" बोका ताईच्या कानात पुटपुटला.

मामाने काहीही लपवलं नाही. पोकळ टोप्यांपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. बाईंनी कपाटं हलवून पाहिली, पलंगाच्या कठड्यावर सगळा भार टाकला, हव्या त्या टोप्या काढायला लावल्या. मग त्या गिरमिटसमोर आल्या.

"कॅमेऱ्याचा प्रश्न तुझा?"

गिरमिटने मान हलवली.

"मी इतकी वर्षं तपासणी करते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. आता विचारत जाईन." मग त्या मावशीकडे वळल्या. "सोमवारपासून सुरू करा. अशी माणसं घरात असताना मला काळजी नाही."

मावशीने तिघांना एकदम कवेत घेतलं आणि चक्क रडली. काकांनी बोक्याची पाठ थोपटली. "उद्या नवा बोल्ट आणतो," ते म्हणाले. "गरगऱ्या पुन्हा जोडायचा. अन् हो, उभ्यानेच!"

मामाने तो रिकामा कप पालथा करून टेबलावर ठेवला.

"पुरले," तो म्हणाला. "आणि उरला एकही नाही!"