धुराचा ठसा

पेशींवरचे ओरखडे वाचणारं ‘क्षतवाचक’ यंत्र सुरू झालं तेव्हा सांगलीच्या प्रयोगशाळेत पंधरा पत्रकार बसले होते. त्यांना बोलावलं होतं भूपाल चौगुल्यांनी. ते ‘नीलध्वज’ सिगारेट कंपनीचे अध्यक्ष, मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आता त्यांना बिनधुराचं निकोटीन विकायचं होतं आणि त्यासाठी हे यंत्र बनवणाऱ्या डॉ. मृणाल टिळेकरांची साक्ष हवी होती.

मृणालचा नवरा सुहास वीस वर्षं नीलध्वज ओढून फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला होता. न्यायालयात चौगुले म्हणाले होते, “निकोटीन, धूर की शहरातली धूळ? कशानं मेले, ते वेगळं करून दाखवा.” खटला फेटाळला गेला. मृणालने पुढची नऊ वर्षं ते वेगळं करण्यात घालवली.

“पेशीच्या जनुकांवर प्रत्येक विष आपापला ओरखडा सोडतं,” ती पत्रकारांना म्हणाली. “हे यंत्र तो वाचतं. जळालेल्या तंबाखूच्या मसाल्यावरून सिगारेटचा छापसुद्धा ओळखतं.”

“गेल्या आठवड्यात दिलेल्या माझ्या फुप्फुसाच्या पेशीच तपासा,” चौगुले हसून म्हणाले. “मी तीस वर्षं निकोटीनची गोळी चघळतोय. सिगारेट एकही नाही.”

खोटा आकडा टाकायचा मोह तिला आदल्या आठवड्यापासून होत होता. तिने टाकला नाही.

पडद्यावर निकोटीनचा रकाना उमटला: शून्य.

“निकोटीननं सवय लागते, नाडी वाढते,” मृणाल म्हणाली. “पण यांच्या फुप्फुसात त्याचा एकही ओरखडा नाही.”

चौगुल्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. “लिहून घ्या! यंत्र अचूक आहे.”

तेवढ्यात दुसरा रकाना भरला. धूर: चार हजार एकशे ओरखडे. छाप: नीलध्वज. खाली लाल ओळ आली: कर्करोगाची सुरुवात.

“अशक्य! मी ओढतच नाही!”

“तरुणपणी कुठल्या विभागात होतात?”

चौगुल्यांचा आवाज खाली गेला. “चवतपासणी. बंद खोलीत आठ माणसं ओढायची, मी नोंदी घ्यायचो. अकरा वर्षं.”

“ओढणाऱ्याच्या अंगात निकोटीन आणि धूर एकत्रच जातात. तुम्ही निकोटीन गोळीतून घेतलंत आणि धूर दुसऱ्यांचा. म्हणून दोन्ही वेगळे दिसले. असा माणूस मला नऊ वर्षांत मिळाला नव्हता.”

“यंत्र चुकलंय,” चौगुले पुटपुटले.

“मग तो शून्यही चुकलाय. दोन्ही मान्य करा, नाहीतर दोन्ही सोडा.”

पत्रकारांच्या माना खाली होत्या. सगळे भराभर लिहीत होते. मृणालने कर्करोगतज्ज्ञाचा पत्ता लिहून कागद चौगुल्यांच्या हातात दिला. त्यांनी तो न वाचताच खिशात कोंबला. तिला आनंद झाला, आणि तो तिने लपवला नाही.