टॅक्सीतला कोशोगो

"एजे, मला हा पडदा नको. पडदा बसवला म्हणून कागदावर तेवढा शिक्का मारून द्या ना."

मी त्या टॅक्सीवाल्याच्या निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले होते. खांद्यावर प्लॅस्टिकची गुंडाळी, गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री, आणि डोळ्यांत, केसांत, मास्कवर... सगळीकडे पॉपलरच्या झाडांचा कापूस. आमच्या बिश्केक शहरात जून महिन्यात हा कापूस असा उडतो, की प्लॅस्टिक उलगडायचा अवकाश, लगेच येऊन चिकटतो. मी आधीच वैतागलेले. आणि हा मला एजे म्हणतो! थोरली बहीण!

"एजे कोणाला म्हणतोस रे? वय काय तुझं?"

"सव्वीस."

"माझं चोवीस."

तो मास्कमागून चाचरत म्हणाला, "माफ करा हं... पण डोळ्यांखेरीज काही दिसतच नाही, काय करणार? आणि डोळे तर असे रागावलेले — आमच्या गणिताच्या बाईंसारखे."

मला हसू आलं. मास्कचा हा एक मोठा फायदा, हसू लपतं. पण डोळे मेले चुगली करतात. त्याने ते बघितलं, आणि त्याचेही डोळे हसले. मिरलान त्याचं नाव.

सांगायचं म्हणजे, पडदे शिवणं हा आमचा घरचाच धंदा. माझी आई — आपा म्हणते मी तिला — वीस वर्षं कोशोगो शिवत होती. नवरी सासरी आली, की तिला ज्या पडद्याआड बसवतात ना, तो. लाल मखमल, सोनेरी झालर, कडेने शिंगांची नक्षी. बायका एकेक करून येतात, पडदा सारतात, नवरीचं तोंड बघतात आणि तोंड बघितल्याबद्दल काहीतरी भेट देतात. तिला कोरुमदुक म्हणायचं. नुसतं फुकटात तोंड बघून जाणं म्हणजे अगदीच लाज. त्या वर्षी मार्चमध्ये साथीमुळे लग्नं बंद झाली, मखमल फळीवर पडून राहिली, आणि मे संपता संपता टॅक्सीच्या अड्ड्याचा माणूस दारात आला. ड्रायव्हर आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये लावायला प्लॅस्टिकचे पडदे हवेत म्हणाला, दीडशे गाड्यांना. आपाने मशीनचा कापड दाबणारा पाय प्लॅस्टिकला चिकटू नये म्हणून खालीवर कागदाची पट्टी ठेवून शिवायची युक्ती काढली. ती घरी शिवायची, मी अड्ड्यावर जाऊन बसवायची.

"पडदा का नको?" मी मिरलानला विचारलं.

"म्हातारी माणसं बसतात हो गाडीत. आधीच मी त्यांच्याकडे पाठ करून बसलेला, वर मध्ये हे! काल आमच्यातल्या एकाच्या गाडीत एक आजोबा बसले. म्हणाले, मला काय महारोग झालाय? उतरले आणि काठी टेकत चालत गेले. मला आजोबांनीच वाढवलंय. मी वडीलधाऱ्यांच्या तोंडावर पडदा ओढतो हे त्यांना कळलं, तर घरात घेणार नाहीत मला."

"आजोबा किती वर्षांचे?"

"एक्क्याऐंशी."

"मग त्यांच्यासाठीच लाव, शहाण्या! रोज वीस माणसांचा श्वास घरी नेशील त्यांना."

तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "बरं... पण निदान गुंडाळून वर अडकवता येईल अशी एक फीत तरी? कोणी म्हातारं बसलं तर तेवढ्यापुरता वर करीन. हो म्हणा ना... एजे नव्हे हो, नाव काय तुमचं?"

"बेगिमाय. आणि फीत-बीत काही मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी फीत शिवून आणली. लाल मखमलीच्या तुकड्याची. का आणली, हे स्वतःला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलंच नाही.

मग सुरू झाल्या त्याच्या तक्रारी. आज वेल्क्रो सुटलं, उद्या डाव्या कोपऱ्याला सुरकुती पडली, परवा काय तर पडदा वाऱ्याने फडफडतो. अड्ड्यावरचे ड्रायव्हर म्हणायला लागले, मिरलानची गाडी पडद्यापायी खिळखिळी होणार.

"वेल्क्रो आपोआप सुटत नाही," मी एकदा म्हणाले. "नखाने उचकटलंयस तू."

"छे! उंदीर असेल."

"टॅक्सीत उंदीर?"

"हुशार आहे. त्याला ठाऊक आहे पडदा कोण दुरुस्त करतं ते."

मी मागच्या सीटवर, तो पुढे, मध्ये पडदा. प्लॅस्टिकमधून तो जरासा लाटेवर हलल्यासारखा दिसायचा. एकदा आरशातून बघत म्हणाला, "बेगिमाय, मास्क एकदा खाली कर ना. एवढी ओळख झाली, आणि बाजारात भेटलीस तर मी तुला ओळखणारही नाही."

"कोशोगोआडची मुलगी आहे मी. फुकट तोंड बघायला मिळत नाही. कोरुमदुक आणलंयस?"

"काय देऊ?"

"ते मी कशाला सांगू? ज्याने त्याने आपल्या ऐपतीने द्यायचं."

"मग थांब थोडी," तो म्हणाला, आणि त्या तीन शब्दांत थट्टा नव्हती. माझे हात उगाचच फितीशी चाळा करत राहिले.

मास्क काही मी उतरवला नाही. कोरुमदुकाची गोष्ट सोडा, मला भीती होती. आपाची छाती अधू होती. वीस वर्षांची मखमलीची धूळ तिच्या फुप्फुसात बसलेली. घरी मी फाटकापाशीच कपडे बदलायची, शिवणाच्या खोलीत झोपायची, आणि जेवायच्या खोलीत आमच्या दोघींच्या मध्ये तेच प्लॅस्टिक टांगलेलं. आपा पलीकडून चहाचा वाडगा फुंकत विचारायची, "आज त्या उंदीरवाल्याचं काय बिघडलं?" मी सांगायची. ती खोकत खोकत हसायची.

जुलै आला आणि हसणं संपलं.

त्या जुलैबद्दल मला लिहायला नको वाटतं. आमच्या गल्लीत एका आठवड्यात सात घरी रडणं झालं. रुग्णवाहिकेचा फोन लागत नव्हता. औषधाच्या दुकानांपुढे उन्हात रांगा, आणि आत फळ्या रिकाम्या. मिरलानने भाडी घेणं सोडलं. इतर ड्रायव्हरांसारखा तोही दिवसभर प्राणवायूची यंत्रं या घरातून त्या घरात पोचवत होता, आजाऱ्यांना इस्पितळात नेत होता. फोनवर त्याचा आवाज घोगरा यायचा. मी दर वेळी एकच विचारायची, "पडदा खाली असतो ना?" तो म्हणायचा, "असतो गं." तो खोटं बोलतोय हे मला कळायचं.

आणि मग एका सकाळी आपाने चहा पुढ्यात ठेवला आणि प्यायलीच नाही. "वासच येत नाही गं याला," म्हणाली.

तीन दिवसांत तिला वाक्य पुरं करता येईना. शेजारणीने फाटकावर मेंढीची चरबी आणून ठेवली, आपाने ती आपल्या हाताने छातीला चोळली. तुझ्या हातांत ताकद नाही म्हणाली. तशातही टोमणा! चौथ्या दिवशी दुपारी तिचे ओठ निळे पडले, आणि मी मिरलानला फोन केला. दहा मिनिटांत तो फाटकात होता.

मी आपाला घेऊन मागे बसले. मधला पडदा खाली होता. तिचा श्वास असा वाजत होता, की गाडीचं इंजिन ऐकू येत नव्हतं. चौकात गाडी थांबली, तेव्हा तिने डोळे उघडले आणि हळूहळू, एकेक शब्द वेचत म्हणाली, "हाच का... उंदीरवाला?"

"हाच, आपा."

"पडदा उचल म्हणावं. तोंड... बघू दे पोराचं."

मिरलानने क्षणभरही विचार केला नाही. वडीलधारं माणूस, त्यातून माझी आई, त्यातून अशा अवस्थेत. त्याने मास्क हनुवटीखाली ओढला, मागे वळला, एका हाताने पडदा गुंडाळला आणि दुसऱ्या हाताने फीत शोधायला लागला.

मी मध्येच ती फीत पकडली. आपाची ती कदाचित शेवटची इच्छा होती. आणि त्याच्या घरी एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा संध्याकाळी नातवाची वाट बघत बसणार होता. मी गळ्यातली कात्री घेतली आणि माझ्याच हाताने शिवलेली फीत कापली. पडदा खाली पडला.

"बेगिमाय!" तो ओरडला. "अगं आई आहे तुझी!"

"आणि तुझे आजोबा? मास्क वर कर! समोर बघ आणि गाडी चालव!"

मी रडत होते. एवढी निर्दय मी कधी कोणाशी झाले नव्हते, आणि झाले ती आपल्याच आईशी. आपा पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मान किंचित हलवली.

"कशाला भांडता... आरपार दिसतंय की." ती थांबली, श्वास गोळा केला. "वीस वर्षं शिवले... असा नव्हता शिवला कधी. बघितलं तोंड. चांगलं आहे." पुन्हा थांबली. "कोरुमदुक द्यायला... काही नाही रे माझ्याजवळ."

आणि तिने उजवा हात उचलून तळवा पडद्यावर टेकवला, त्याच्या डोक्यामागे. ओठ हलले, आशीर्वाद देताना हलतात तसे. मिरलानचे खांदे थरथरत होते, पण त्याने गाडी थांबवली नाही.

दोन इस्पितळांच्या दारातून आम्ही परत फिरलो. तिसरं एका शाळेत उघडलेलं होतं, तिथे तिला घेतलं. मला आत सोडलं नाही.

पाचव्या दिवशी फोन आला.

आमच्या रीतीप्रमाणे अंगणात तंबू नाही उभारला, मयताच्या जेवणाला घोडा नाही कापला, बायका गळ्यात पडून रडायला आल्या नाहीत. पांढऱ्या पोशाखातल्या चार अनोळखी माणसांनी तिला पुरलं. मला स्वतःला ताप होता. मी शिवणाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून एकटीच हुंदके देत होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून एक आवाज यायला लागला. "आई गं... माझ्या आई...!" आमच्याकडे पुरुष मयताच्या घरी येतात ते असे मोठ्याने रडत, पण येतात घोळक्याने, नात्यातले. हा एकटाच होता. फाटकाबाहेर उभा राहून मिरलान सख्ख्या मुलासारखा रडला, एकट्याने दहा जणांचं रडला. मग सूपचं भांडं फाटकावर टांगून निघून गेला. मी बरी होईपर्यंत रोज भांडं टांगत राहिला. मी फोन उचलत नव्हते. काय बोलणार होते? फीत कापल्याचा तो आवाज माझ्या कानातून जात नव्हता. वाटायचं, नसती कापली तर आपाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला असता. शेवटचा तेवढा आनंद मी तिला दिला नाही.

सप्टेंबरमध्ये पॉपलरची पानं पिवळी झाली, तेव्हा निळी गाडी फाटकात येऊन उभी राहिली. मी बाहेर गेले. दोघांच्याही तोंडावर मास्क. तो वाळून अर्धा झाला होता.

"पडदा बिघडलाय," तो म्हणाला.

मी दार उघडून आत डोकावले. आत जे लटकत होतं, ते बघून माझं दुःखबिःख क्षणभर कुठल्या कुठे गेलं.

"हे... हे कोणी शिवलं? टाके आहेत की कुंपणाची तार? आणि माझा पडदा कुठाय?"

"मीच शिवलं. हाताने."

"का?"

तो बुटाने अंगणातली पानं इकडेतिकडे करत राहिला.

"आजोबा बरे आहेत," तो शेवटी म्हणाला. "घरात एकालाही काही झालं नाही. त्या दिवशी फितीचं सगळं मी त्यांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, जिने आपली आई मांडीवर असताना माझी आठवण ठेवली, तिच्या कानात कानातले घालायला मी कधी जाऊ?"

कानातले. आमच्याकडे मागणी घालतात ती अशी. मी गाडीच्या दाराला धरून उभी राहिले.

"आणि तू?" मी विचारलं. "तुझं काय म्हणणं?"

"माझं... जूनपासून एकच म्हणणं आहे. तोंड दाखव."

"कोरुमदुक?"

"आणलंय."

त्याने मागची डिकी उघडली. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली एक लांब गुंडाळी त्याने दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढे धरली. मी चादर सोडली. आत माझा पडदा होता. वरच्या कडेला कापलेल्या लाल फितीचं बोटभर टोक.

"त्याच दिवशी संध्याकाळी काढला," तो म्हणाला. "रोज रात्री औषधाच्या पाण्याने पुसावा लागतो ना. हा माझ्याच्याने पुसवला नाही."

मी पडदा उलगडून उन्हात धरला. मधोमध, मेंढीच्या चरबीने उमटलेला एक तळवा. पाच बोटं. तर्जनी जरा बाहेर वळलेली, वीस वर्षं मखमलीतून सुई ढकलून वाकलेली.

मी मास्क काढला. नाक गळत होतं, ओठ थरथरत होते, अशा तोंडाला कोणी भेट देईल असं मला वाटत नाही. पण मिरलान बघत राहिला, डोळे पुसत बघत राहिला. मग त्यानेही मास्क काढला आणि पडद्याचं दुसरं टोक धरलं, वाऱ्याने हलू नये म्हणून.

मी माझा तळवा आपाच्या तळव्यावर ठेवला. तिचा हात माझ्याहून लहान होता, हे मला तेव्हा कळलं.

"आजोबांना सांग," मी म्हणाले, "उद्या या म्हणावं."