अहवालातली नववी ओळ

दोन नंबरच्या खिडकीने तिला एक नंबरला पाठवलं. एक नंबरने परत दोन नंबरला. तिसऱ्या फेरीला व्हरांड्याच्या वळणावर ती एका माणसावर जाऊन आदळली, आणि दोघांचे कागद फरशीवर एकमेकांत मिसळून गेले.

"बघून चाला की हो!" ती म्हणाली. चूक तिचीच होती.

"बघतच होतो," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याचे कान लाल झाले.

गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट, हातात चपला, केसांत अडकलेला शेवाळाचा हिरवा धागा. हाही आपल्यासारखाच खिडक्यांनी पिटाळलेला कुणी अर्जदार असणार, असं तिने ठरवून टाकलं. कागद गोळा करता करता ती त्याच्यापाशी मन मोकळं करू लागली.

"जलाशयात पिंजरे टाकून मासे वाढवायचेत मला. पाण्याचा भाडेपट्टा मागितला की म्हणतात, आधी मत्स्यपालनाचा परवाना आणा. परवाना मागितला की म्हणतात, आधी पट्टा दाखवा. माणसानं करावं तरी काय?"

"दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्यायचे. याचा आवक नंबर त्याच्यावर लिहायचा, त्याचा याच्यावर. मग दोन्ही खिडक्यांना वाटतं, दुसरीने आधी घेतलाय."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

बाकावर बसून त्याने तिचा नकाशा बघितला. उत्तरेचा बाण तिने खाली काढला होता. त्याने तो खोडून, पेन्सिलीने हळूच वर काढला. कागदावर झुकलेल्या त्याच्या मानेवरून पाण्याचा एक थेंब ओघळत होता... आणि ती थेंबाकडे बघत राहिली. नकाशा राहिला बाजूलाच.

"बरीच माहिती दिसते तुम्हाला. किती वर्षं खेटे घालताय इथे?"

"चार."

"अरेरे!" तिला मनापासून वाईट वाटलं. "धीर सोडू नका हं."

त्याने ओठ दाबून धरले. "नाही सोडत."

तिने तसेच अर्ज दिले, आणि दहा दिवसांनी पाण्याच्या तपासणीची तारीख आली. ती आणि तिचे वडील काठावर वाट बघत उभे होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आयुष्यभर त्यांनी याच पाण्यात जाळं ओढलं होतं, आणि आता दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. म्हणून तर हे पिंजरे. अंगणात लोखंडी सांगाडे जोडून तयार होते, तरंगवायला निळी पिंपं होती. बीज केंद्राने वीस हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, पंचवीस तारखेपर्यंत तिच्या नावाने राखून ठेवली होती. त्यानंतर पाणी गार पडतं, पिलं तग धरत नाहीत. पंचवीस हुकली की वर्ष हुकलं, आणि आप्पांना आणखी एक वर्ष जाळं ओढावं लागणार.

नाव काठाला लागली. त्यातून हातात फाइल घेऊन तोच उतरला.

"तुम्ही... साहेब आहात?"

"तुम्ही धीर सोडू नका म्हणालात, म्हणून टिकलोय," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. तिला पाण्यात बुडी मारावीशी वाटली.

वल्ही तिने घेतली. टोकाला शिसं बांधलेली आणि मीटरमीटरवर गाठ मारलेली दोरी तो खाली सोडत होता. वारा नावेला फिरवत होता.

"अकरा," तो म्हणाला.

"बारा. एक गाठ सोडलीत तुम्ही. लक्ष कुठे आहे तुमचं?"

त्याने शिसं वर ओढून घेतलं. दोरी पुन्हा सोडली. या वेळी तिनेही धरली. ओल्या दोरीवर दोन हात एकामागून एक सरकत होते, अगदी जवळून... पण न लागता. बारा भरले. चारही कोपरे मोजून झाले, तरी त्याने मधली जागा मोजली. मग पुन्हा एकदा मोजली.

"चार कोपऱ्यांना दोन तास?" आप्पा काठावरून ओरडले. "एवढ्यात आम्ही जाळं टाकून, काढून, जेवूनसुद्धा घ्यायचो!"

काठावर येऊन तो अहवाल भरू लागला. झरझर लिहीत खाली आला आणि शेवटी त्याचं पेन थांबलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. एकाएकी फाइल मिटून तो उठला.

"चहा घेऊन जा की," आप्पा म्हणाले.

"नको. अहवाल... ऑफिसात देतो." आणि मान वर न करता तो गेला.

तिला काही समजेना. आपलं काही चुकलं का? 'लक्ष कुठे आहे' असं मी म्हणाले, त्याचा राग आला? खिडकीवर विचारलं तर एकच उत्तर, 'तपासणी अपूर्ण'. दोन तास मोजूनही अपूर्ण? आप्पा म्हणाले, "त्याला काहीतरी हवं असणार, पोरी." हे तिला पटेना, आणि का पटत नाही, हेही सांगता येईना. ऑफिसला जाताना आपण हल्ली दोनदा केस विंचरतो, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तर ती जास्तच गोंधळली. ज्याचा राग यायला हवा, त्याच्यासाठी कुणी केस विंचरतं का?

एकदा तो व्हरांड्यात समोरून आला. तिला बघताच शेजारच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत शिरला. ती दाराशी दहा मिनिटं उभी राहिली. आतून एक शिंक आली. मग दुसरी. दार काही उघडलं नाही.

सतरा तारखेला दोन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ये गं पिंजरेवाली, आत ये. तुझीच फाइल आहे, तुला बघायचा हक्क आहे. बघ, आणि तुला काही कळलं तर आम्हालाही सांग."

पाण्याची खोली, प्रवाह, काठापासूनचं अंतर... आठ ओळी सुबक अक्षरात भरलेल्या. नववी ओळ छापील होती: 'अर्जदाराशी माझे कोणतेही नाते अथवा हितसंबंध नाहीत.' खाली सहीची जागा कोरी. आणि टाचणीने लावलेली चिठ्ठी: 'नवव्या ओळीखाली मला खरेपणाने सही करता येत नाही. कृपया दुसरा अधिकारी पाठवावा.'

"मोठे साहेब विचारून थकले," बाई म्हणाल्या. "नातं काय रे? म्हणतो, काही नाही. मग कर सही. म्हणतो, ते जमणार नाही. आता काय म्हणावं याला!"

तिने चिठ्ठी तीनदा वाचली. आधी संताप आला. त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी वर येत होतं, ते तिने दाबून धरलं आणि तडक धक्क्यावर गेली. तो नाव धूत होता.

"माझी बोटुकली पंचवीसला दुसऱ्याकडे जाणार, आणि तुम्ही इथे खरेपणा करताय?"

त्याच्या हातातली बादली तशीच राहिली. "तुमचं पाणी बारा मीटर खोल आहे. ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. मी सही केली असती, तर उद्या लोक म्हणाले असते, हिला पट्टा असा मिळाला..."

"मग मला सांगायचं तरी!"

"कसं सांगणार? तुमचा अर्ज माझ्या हातात. अशा वेळी मी काही बोललो असतो, तर... तुम्हाला मोकळेपणी नाही म्हणता आलं असतं?"

असा विचार तिने केलाच नव्हता. वाटेत रचून आणलेली भांडणाची सगळी वाक्यं एकदम निरुपयोगी झाली.

"म्हणून त्या खोलीत लपलात?"

"तिथे धूळ फार आहे."

"कळलं. शिंकलात."

तो हसला. ती हसणार होती, पण सावरली.

"बावीसला दुसरे साहेब येणार आहेत," तो म्हणाला. "फार कडक आहेत. हसत नाहीत."

"बरंच आहे. आणि ऐका... पट्ट्याचं काय ते ठरेपर्यंत तुम्ही मला काही विचारायचं नाही. मीही काही सांगणार नाही."

"आणि ठरल्यावर?"

"हे विचारणंच झालं!"

बावीसला दुसरे साहेब आले. पाऊण तासात मोजून मोकळे. तीन कोपरे बारा, एक अकरा. "अकराही चालतं," एवढंच बोलले आणि नवव्या ओळीखाली फर्रकन सही केली. चोवीसला बाईंनी पट्टा आणि परवाना, दोन्ही एकाच खिडकीतून तिच्या हातात ठेवले.

पंचवीसला सकाळी बोटुकलीच्या पिशव्या आल्या. पाण्याने आणि हवेने टम्म फुगलेल्या, आत चंदेरी वळवळ. आप्पा काठावर खुर्ची टाकून बसले होते. तो पार लांब, रस्त्याच्या कडेला उभा होता. बोलावलं नव्हतं, म्हणून जवळ आला नव्हता.

ती नाव घेऊन त्या बाजूच्या काठाला गेली. "चढा."

"कशाला?"

"पिशवीला दोन माणसं लागतात." खरं तर एक पुरत होतं.

पिंजऱ्यात पिशव्या तशाच बंद तरंगत ठेवल्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत थांबायचं. घाई केली की पिलं दगावतात. दोघं पिशवीवर हात ठेवून बसले. तो काहीच विचारत नव्हता. विचारायचं नाही हे तिनेच सांगितलं होतं, आणि आता तिलाच ती शांतता सोसवेना.

"साहेब..."

"हं?"

"आज ती नववी ओळ तुमच्यासमोर आली तर... सही कराल?"

त्याने तिच्याकडे बघितलं. या वेळी नजर पाण्याकडे वळली नाही.

"आज तर मुळीच नाही."

"मी पण करू दिली नसती," ती म्हणाली, आणि पिशवीचं तोंड सोडून एक कोपरा तिने त्याच्या हातात दिला.